बंब परतल्यानंतर

7 फेब्रुवारी 1981 हा शनिवार होता. त्या दिवशी दुपारी तेव्हाच्या बंगलोर शहरात व्हीनस सर्कशीचा खेळ पाहण्यासाठी हजारो माणसे तंबूत बसली होती आणि त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. खेळ संपत आला असता तंबूने पेट घेतला. 92 जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य मुले होती, आणि शेकडो जखमी झाले. भारतात सर्कशीच्या तंबूला लागलेल्या आगींमध्ये इतकी प्राणघातक आग क्वचितच आढळेल.

अशा घटनेचे वृत्त छापले जाते तेव्हा त्यात सामान्यतः तीन आकडे असतात. मृत किती, जखमी किती आणि हानी किती रुपयांची, हे ते आकडे होत. चौथा आकडा कोणी विचारीत नाही, म्हणून तो छापलाही जात नाही. बंब घेऊन आलेले अग्निशामक, गर्दी मागे सारणारे पोलीस शिपाई, रुग्णवाहिकेचा चालक, शवागारातील सेवक आणि जवळून जाताना थांबलेला एखादा रिक्षावाला ही सारी माणसे त्या रात्री आपापल्या घरी परतली. त्यांच्यापैकी कितीजणांना झोप लागली, हाच तो चौथा आकडा.

बंगलोरमध्ये हा प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. मनोविकारांचा अभ्यास करणारी देशातील एक अग्रगण्य संस्था याच शहरात, होसूर रस्त्यावर आहे. 1954 साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि जुने म्हैसूर सरकारी मनोरुग्णालय यांचे 1974 च्या डिसेंबरात एकत्रीकरण होऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था अस्तित्वात आली. लोक तिला निम्हान्स या नावाने ओळखतात. सर्कशीच्या आगीत ज्यांचे आप्त गेले त्यांच्या शोकाचा अभ्यास या संस्थेतील संशोधकांनी केला आणि तो 1987 साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपत्तीनंतरच्या मनःस्थितीचा शास्त्रीय विचार करणाऱ्या भारतातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. एका आगीनेच पाश्चात्त्य देशांतही या विषयाला चालना दिली होती. 28 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे कोकोनट ग्रोव्ह नावाच्या करमणूकगृहात 492 माणसे मरण पावली. तिच्यानंतर वाचलेल्यांची आणि मृतांच्या नातलगांची शुश्रूषा करीत असताना एरिक लिंडेमान यांनी शोकाची लक्षणे नोंदवली आणि 1944 साली त्यांवर लेख लिहिला. दोन्ही ठिकाणी अभ्यासकांची दृष्टी प्रथम शोकग्रस्तांकडे वळली, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. ज्यांचे घर उजाडले त्यांचा विचार आधी व्हावा, याविषयी कोणाचेही दुमत नसावे.

परंतु मदतकर्त्यांची पाळी पुढे फार उशिरा आली, आणि याचे कारण शौर्याच्या रूढ कल्पनेत सापडते. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला लागलेली आग विझवीत असताना जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामक प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. केंद्राकेंद्रांतून पुष्पचक्रे वाहिली जातात आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच गोदीतून जे जिवंत परतले, ज्यांनी सहकाऱ्यांचे अवशेष गोळा केले आणि जे दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर झाले, त्यांच्यासाठी एखादा दिवस नाही. मेलेला अग्निशामक हुतात्मा ठरतो. वाचलेला नशीबवान ठरतो, आणि नशीबवान माणसाने तक्रार करावयाची नसते.

हा संकेत प्रथम कोणी मोडला हे नेमके सांगणे कठीण, पण ऑस्ट्रेलियातील दोन घटनांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. जानेवारी 1977 मध्ये सिडनीजवळ ग्रॅनव्हिल येथे रेल्वेगाडी रुळांवरून घसरून पुलाच्या खांबावर आदळली, पूल डब्यांवर कोसळला आणि ऐंशीहून अधिक प्रवासी मरण पावले. काँक्रीटखाली अडकलेली माणसे काढण्याचे काम दीर्घकाळ चालले. मनोविकारतज्ज्ञ बेव्हर्ली राफाएल आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वेळी मदतकार्य केलेल्यांचीच विचारपूस केली. मदत करणाऱ्यांना मदत कोण करणार, या प्रश्नालाच त्यांनी आपल्या लेखाचे शीर्षक केले. त्यानंतर फेब्रुवारी 1983 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया या राज्यांत वणवे पेटले आणि 75 जण दगावले. अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी त्या वणव्यांशी झुंजलेल्या 469 अग्निशामकांचा पुढे दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांच्या निष्कर्षांपैकी एक येथे विशेष महत्त्वाचा आहे. काहींचा त्रास आरंभी दिसून आला, तर काहींच्या बाबतीत पहिल्या काही महिन्यांत सारे ठीक भासत असता नंतर तो डोके वर काढू लागला. म्हणजे घटनेच्या दुसऱ्या दिवशी 'तू ठीक आहेस ना' असे विचारून आणि होकार ऐकून नोंदवही मिटणे पुरेसे नाही.

आघातोत्तर तणाव विकार हे नाव अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात 1980 साली समाविष्ट झाले, म्हणजे व्हीनस सर्कशीच्या आगीपूर्वी जेमतेम वर्षभर. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांची स्थिती त्या नावामागे होती. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत एक गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली गेली. आघात स्वतःवर न ओढवताही, कामाच्या निमित्ताने त्याच्या भीषण तपशिलांशी वारंवार गाठ पडल्यास हा विकार जडू शकतो. मानवी अवशेष गोळा करणारे मदतकर्मी आणि बालकांवरील अत्याचारांचे तपशील पुन्हापुन्हा ऐकावे लागणारे पोलीस, ही उदाहरणे त्या मजकुरातच दिली आहेत. वारंवार हा शब्द तेथे निर्णायक आहे. सामान्य नागरिकाच्या आयुष्यात भीषण अपघात एखाददुसरा येतो. मोठ्या शहरातील रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्याला तो आठवड्यातून कितीदा भेटेल, याचा हिशेब त्याने स्वतःही ठेवलेला नसतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रक्त पाहून माणूस खचतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या क्षेत्रात काम केलेली माणसे वेगळेच सांगतात. रक्ताची सवय होते. मन धरून ठेवते ते काही विशिष्ट तपशील: आपल्या मुलीच्या चपलेसारखी दिसणारी एक चप्पल, मृताच्या खिशात वाजत राहिलेला दूरध्वनी, जळालेल्या केसांचा वास. वासाची आठवण तर्काला विचारून येत नाही. गंधाची संवेदना मेंदूत ज्या मार्गाने जाते तो भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांना फार जवळचा आहे. म्हणूनच स्वयंपाकघरात काही करपले की वीस वर्षांपूर्वीची एक दुपार अचानक उभी राहते आणि घरातल्यांना कळत नाही की हा माणूस ताटावरून का उठला.

याहून खोल जाणारी गोष्ट म्हणजे हतबलता. 23 फेब्रुवारी 2010 रोजी बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या सात मजली इमारतीत आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर कोंडला, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या, आणि श्वासासाठी खिडक्यांशी आलेल्या माणसांपैकी काहींनी खाली उड्या मारल्या. नऊजण मरण पावले. मृतांच्या आप्तांनी पुढे 'बियाँड कार्लटन' ही संस्था स्थापन करून अग्निसुरक्षेसाठी आवाज उठवला. बंद दारांचा दोष उघडच अग्निशामकांचा नव्हता. पण अशा प्रसंगी खाली शिडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे मन न्यायालयासारखे दोषाची वाटणी करीत बसत नाही. दोन मिनिटे आधी पोहोचलो असतो तर, शिडी पलीकडे लावली असती तर, असे ते स्वतःलाच विचारीत राहते. अमेरिकेत सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे यांनी 1990 च्या दशकात नैतिक आघात या संकल्पनेकडे लक्ष वेधले. तिच्यातला आशय असा की जे व्हावयास नको होते ते आपल्या डोळ्यांदेखत झाले, ही जखम भीतीच्या जखमेहून वेगळी असते आणि तिला धीराचे शब्द लागू पडत नाहीत.

घटनास्थळी कधीच न जाणारा एक मदतकर्मी आहे, त्याची हतबलता निराळ्या जातीची असते. आता देशभर 112 हा एकच आपत्कालीन क्रमांक रूढ होत आहे. त्या क्रमांकावर आलेला आवाज ज्याच्या कानी पडतो तो माणूस एका बंद खोलीत, पडद्यासमोर बसलेला असतो. तो पत्ता विचारतो, समोरच्याला शांत करतो, गाडी रवाना करतो. मागे मूल रडत असल्याचे त्याला ऐकू येते. मग संभाषण तुटते आणि दुसरी घंटा वाजते. पुढे काय झाले हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. अग्निशामकाच्या वाट्याला निदान शेवट येतो, वाईट असला तरी शेवट. ऐकणाऱ्याच्या पदरी पहिले प्रकरण तेवढे पडते, आणि न पाहिलेले दृश्य मन स्वतःच रंगवते. या माणसांना काही तासांनंतर दोन ओळींत निकाल कळवण्याची प्रथा सुरू करण्यास फारसा खर्च येऊ नये.

आता उपायांकडे वळताना प्रथम एका फसलेल्या उपायाविषयी सांगितले पाहिजे, कारण तो अजूनही अनेक ठिकाणी सद्‌भावनेने वापरला जातो. जेफ्री मिचेल हे अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले गृहस्थ. 1983 साली त्यांनी एक पद्धत मांडली. भीषण प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत पथकाला एकत्र बसवावे आणि प्रत्येकाने काय पाहिले, काय वाटले हे ठरावीक टप्प्यांनी बोलून घ्यावे, अशी ती पद्धत. बोलल्याने मन हलके होते, हे कोणालाही पटण्याजोगे असल्याने तिचा प्रसार वणव्यासारखा झाला. पुढे तिची पारख झाली तेव्हा मात्र निराळे चित्र दिसले. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या वेल्समधील एका अभ्यासात भाजलेल्या रुग्णांपैकी काहींना अशी एक बैठक देण्यात आली, काहींना देण्यात आली नाही. तेरा महिन्यांनी पाहता बैठक मिळालेल्यांपैकी 26 टक्क्यांना आघातोत्तर विकार होता, न मिळालेल्यांपैकी 9 टक्क्यांना. उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनीही एकाच बैठकीच्या या उपायाने लाभ होत नाही, क्वचित अपायही होतो, असा निर्वाळा दिला. मिचेल यांचे समर्थक म्हणतात की ही पद्धत पथकांसाठी होती, एकेकट्या रुग्णांसाठी नव्हती, आणि या आक्षेपात तथ्य आहे. तरीही जो अद्याप गप्प राहू इच्छितो त्याला सर्वांसमक्ष बोलते करणे म्हणजे खपली धरू लागलेली जखम उघडी करणे होय, एवढा धडा त्यातून घ्यावाच लागतो. मोठी दुर्घटना झाली की तज्ज्ञांना पाचारण करावे, एक शिबिर भरवावे, छायाचित्र काढावे आणि कर्तव्य पार पडले असे मानावे, ही रीत आपल्याकडेही रुजू पाहत आहे. तिच्याविषयी सावध राहणे बरे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत याच्या उलट, साधा मार्ग सुचवला आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. माणसाला काय हवे ते पाहावे, तो बोलला तर ऐकावे, बोलण्याचा आग्रह धरू नये, आणि ज्या मदतीची त्याला गरज आहे तिच्याशी त्याची गाठ घालून द्यावी. बेंगळुरूच्या माणसाला यासाठी परकी पुस्तिका उघडण्याची गरज भासू नये. कन्नड घरांतून आणि रस्त्यांतून दिवसभर ऐकू येणारा प्रश्न आहे, 'ऊट आयता?', म्हणजे जेवण झाले का. तो कुशल विचारण्याचा प्रकार आहे. रात्रभराच्या कामावरून परतलेल्या शिपायाला त्याच्या अधिकाऱ्याने हा प्रश्न विचारला आणि उत्तराची खरोखर वाट पाहिली, तर मानसिक प्रथमोपचाराचा पहिला धडा गिरवला गेला असे समजण्यास हरकत नाही.

ब्रिटनमध्ये रॉयल मरीन्स या सैन्यदलात 1990 च्या दशकात हेच तत्त्व शिस्तीत बसवण्यात आले. बाहेरचा तज्ज्ञ न आणता दलातीलच काही जवानांना प्रशिक्षण दिले गेले. बिकट प्रसंगानंतर ते सहकाऱ्यांशी काही दिवसांनी बोलतात आणि सुमारे महिन्याने पुन्हा बोलतात, आणि झोप, चिडचिड, मद्यपान, एकलकोंडेपणा यांत झालेला फरक टिपतात. उपचार करणे हे त्यांचे काम नव्हे. कोणाला उपचारांची गरज आहे हे वेळीच ओळखणे आणि त्याला तेथवर सोबत करणे, एवढेच ते करतात. मॅकफार्लेन यांना दिसलेला तो उशिरा उद्‌भवणारा त्रास अशाच दुसऱ्या भेटीत पकडता येतो.

भारताला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. मनोविकारतज्ज्ञांची संख्या अपुरी असताना काय करावे, या प्रश्नाचे उत्तर निम्हान्सने 1980 च्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात शोधले. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आरोग्यसेवक यांनाच मानसिक आजारांची प्राथमिक ओळख व उपचार शिकवण्यात आले. 1996 साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला तोच नमुना आधारभूत ठरला. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूची दुर्घटना झाली, तेव्हा आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी यांनी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही याच धर्तीवर शिक्षण दिले. आरोग्यसेवक जे शिकू शकला ते अग्निशमन केंद्राचा अधिकारी किंवा ठाण्यातील हवालदार शिकू शकणार नाही, असे मानण्यास आधार नाही. प्रश्न असेल तर तो त्याला त्यासाठी वेळ देण्याचा.

आणि वेळेचा प्रश्न निघाला की बाकीची सारी चर्चा थोडी पोकळ वाटू लागते. देशातील पोलिसांच्या स्थितीविषयी 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी 14 तास काम करतो असे आढळले. रुग्णवाहिकेवरील पाळी सामान्यतः बारा तासांची असते. आघाताची आठवण मेंदू झोपेत पचवतो, तिला इतर आठवणींच्या रांगेत नेऊन बसवतो. ज्याची झोपच हिरावली गेली आहे त्याला चिवटपणावर व्याख्यान देण्यात फारसा अर्थ उरत नाही. चिवटपणा हा शब्दच अलीकडे वरिष्ठांच्या सोयीचा झाला आहे. माणूस खचला तर तो पुरेसा चिवट नव्हता, असे म्हटले की मनुष्यबळ, सुट्ट्या आणि साधनसामग्री यांविषयीचे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. वास्तविक उभारी ही एकट्या माणसाच्या छातीत साठवलेली वस्तू नव्हे. ती पथकाकडून, घराकडून आणि कामाच्या व्यवस्थेकडून त्याला उसनी मिळत असते, आणि उसने देणाऱ्यांनी हात आखडता घेतला की ती आटते.

एप्रिल आणि मे 2021 मध्ये बेंगळुरूने याची प्रचीती घेतली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत शहरातील विद्युतदाहिन्यांसमोर रुग्णवाहिकांच्या रांगा लागल्या. तोवर मदतकर्मी म्हणून ज्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते असे स्मशानातील सेवक आणि शववाहिकांचे चालक पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होते. त्यांना कोणता आपत्कालीन क्रमांक फिरवावयाचा होता? निम्हान्सने 2020 च्या मार्चमध्येच मनोसामाजिक आधारासाठी दूरध्वनी सेवा सुरू केली होती. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर देशभर उपलब्ध झाली आणि तिच्या संचालनात निम्हान्सचा वाटा मध्यवर्ती आहे. नाव न सांगता, आपल्या भाषेत, रात्री दोन वाजता बोलता येणे ही या सेवेची मोठी जमेची बाजू होय.

कारण गुप्ततेवाचून यांतले काहीही चालत नाही. शस्त्र बाळगणाऱ्या शिपायाला वाटते की मन ठीक नाही असे सांगितले तर शस्त्र जाईल, पाठोपाठ बढती जाईल. चालकाला वाटते, गाडीची किल्ली जाईल. ही भीती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही, म्हणून तिची टवाळी करू नये. विभागाने लेखी सांगितले पाहिजे की सल्ला घेतल्याची नोंद वरिष्ठांकडे जाणार नाही, आणि जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद, तोही आधीच स्पष्ट केलेला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना मानसिक आजारांविषयी वेळोवेळी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ते शिक्षण इतरांच्या आजाराविषयी आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या रुग्णाशी कसे वागावे हे शिकणाऱ्या हवालदाराला त्याच वर्गात स्वतःविषयीही दोन गोष्टी सांगता येतील, त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

घरच्यांचा विचार तर याहूनही मागे पडला आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना तंबू ठोकून आवारातच राहावयास लावले आणि उपचारांत सहभागी करून घेतले. भारतीय मनोविकारशास्त्राने जगाला दिलेल्या चांगल्या कल्पनांपैकी ती एक होय. अग्निशामकाची पत्नी, पोलिसाची आई यांना बदल सर्वांत आधी दिसतो: तो मुलांना रस्ता ओलांडू देत नाही, दिवाळीत फटाक्यांपासून दूर आतल्या खोलीत जाऊन बसतो, पूर्वी महिन्यातून एकदा घेत होता तो आता रोज घेतो. हे कोणाला सांगावयाचे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. केंद्राच्या वार्षिक दिनाला त्यांना चहासाठी बोलावले जाते. त्याच दिवशी अर्धा तास काढून ही लक्षणे कोणती आणि कोठे जावे, हे समजावून देता येईल.

7 फेब्रुवारी 1981 रोजी जो अग्निशामक पंचविशीत होता तो 2016 च्या सुमारास निवृत्त झाला असेल. सरकारी नोकराच्या सेवापुस्तिकेत नेमणुकीची तारीख, वेतनवाढी, बदल्या, रजा, बक्षिसे आणि शिक्षा यांची नोंद असते. उंची आणि अंगावरील ओळखीची खूणही पहिल्या पानावर लिहिलेली असते.